पोट्ट्यांना खेकडा शिकवायचा तर बांधीवर न्या

पावसाळा लागला की पोट्ट्यांना धानाच्या बांधीवर न्या, पण फवारणी झाली असेल तर नका नेऊ. खेकडा मागून पाठीवर दोन बोटांनी धरा, नांगीपासून हात दूर ठेवा अन् हळूच उलटा करा. पोटाखालचं झाकण अरुंद असलं तर नर, रुंद गोल असलं तर मादी. मादीच्या झाकणाखाली कधी अंडी दिसतात कधी इवली इवली पिल्लं, कारण गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं अंड्यातून खेकडा बनूनच निघतात, समुद्रातल्या शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) पिल्लांसारखी आधी अळी होऊन तरंगत फिरत नाहीत. हे पोट्ट्यांना नीट पाहू द्या, घाई नको. अमेरिकेत मेन राज्यातले मासेमार अंडीवाल्या शेवंडीच्या शेपटीला ओळखीसाठी खाच पाडून तिला सोडून देतात, आपल्याला खाच नको, फक्त अंडी-पिल्लंवाली मादी भाजीला न्यायची नाही, जिथं धरली तिथंच सोडायची.