हार्ड डिस्क टकटक करू लागली की

आमच्या जुन्या डेस्कटॉपमधल्या ५०० जीबीच्या डिस्कवर बाबांनी सांगितलेल्या गोष्टींची रेकॉर्डिंग्ज होती. एका रात्री कॅबिनेटमधून आवाज यायला लागला. नखाने टिचकी मारावी तसा टक्, दोन क्षण शांतता, परत टक्. विंडोजने डिस्क तपासायचं सुचवलं, मी चेकडिस्क (विंडोजचंच डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) लावलं आणि झोपले. सकाळी ती डिस्क काँप्युटरला दिसतच नव्हती. बाबांच्या दोन गोष्टी आज आहेत त्या फक्त मामाला फोनवर पाठवल्या होत्या म्हणून.

म्हणून आता कुणी आवाजाबद्दल विचारलं की मी आधी एकच विचारते : त्या डिस्कवर असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही? ते आधी उतरवून घ्या, आत्ता, आणि दुसऱ्या डिस्कवर. पिक्चर, गाणी, सॉफ्टवेअर नंतर. सगळी डिस्क एकदम कॉपीला लावू नका. मधल्या एखाद्या खराब फाइलवर ती अडकून बसते आणि हवं ते मागे राहतं. बिघडत चाललेली डिस्क अजून किती मिनिटं चालेल ते कुणालाच ठाऊक नसतं, ती तपासण्यात घालवू नका. चेकडिस्क आणि डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं साधन) तर नकोच. दोन्हींमुळे डिस्कला भरपूर राबावं लागतं, आणि शिवाय ती डिस्कवर लिहितातही.

याला एक अपवाद आहे. खडू उलटा धरून फळ्यावर ओढल्यासारखी खरखर येत असेल तर कॉपीच्याही नादाला लागू नका, सरळ वीज बंद करा. डिस्कच्या आत डेटा साठवणारी तबकडी असते; ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या, डिस्कमध्ये ती सेकंदाला १२० वेळा फिरते. एरवी हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं; ते टेकलं की प्रत्येक फेरीत तबकडीवरचा थोडा थर आणि त्याच्याबरोबर तुमचा डेटा खरवडला जातो. अशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची, आणि मधल्या काळात एकदाही चालू करायची नाही.

बाकीचे आवाज हळूहळू ओळखीचे होतात. फाइल उघडताना येणारी बारीक किरकिर आणि बराच वेळ काम नसलं की ऐकू येणारी एखादी टिक, हे नेहमीचं आहे. हेड जागेवर जाऊन बसतं त्याची ती टिक. एकसुरी चढी शीळ बहुधा बेअरिंगची असते. ठरावीक अंतराने टकटक म्हणजे हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीयेत, ते मागे येऊन पुन्हा शोधतंय. बाहेरून जोडायची छोटी डिस्क बारीक बीप-बीप करत असेल तर मोटर अडकलेली असते किंवा तिला वीज पुरत नसते. केबल बदला, हबमधून (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीतून) काढून थेट काँप्युटरच्या पोर्टला लावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. एवढ्याने थांबलं नाही तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

आवाज डिस्कचाच आहे ना, अशी शंका असेल तर कॅबिनेट उघडा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या धातूच्या कडेला हलकेच टेकवा आणि मूठ कानाला लावा. खालच्या सर्किट बोर्डपासून आणि पंख्याच्या पात्यांपासून दूर राहा, केस बांधून घ्या. डिस्क असेल तर आवाज कानात स्पष्ट घुमतो. पंख्याला धूळ लागलेली निघाली तर सुटलात.

महत्त्वाचं उतरवून झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते, आकडे बघा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी. त्यांच्या ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याखेरीज काही असेल आणि दर दोन दिवसांनी वाढत असेल तर डिस्क बदलायची. सी७ वाढत असेल तर आधी डेटा केबल बदलून बघा, दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

डिस्क अडखळत का होईना वाचली जात असेल आणि लिनक्सची सवय असेल, तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्या. ते सोपा भाग आधी उचलतं, अवघड जागा मागे ठेवतं. मॅपफाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) दिली की मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. फाइली सोडवायचं काम मग त्या प्रतिमेवर करा.

फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय कुणीतरी सांगेलच. बाहेर काढल्यावर दव साचतं, आणि हेडच्या त्या एवढ्याशा फटीत दवाचा थेंब म्हणजे डोंगर. ठोकणं, घरी झाकण उघडणं हेही नको. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड बसवून भागत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी तिच्या बोर्डवरच्या चिपमध्ये असते.

जुनी डिस्क लगेच टाकू नका. उतरवलेल्या फाइली एकेक उघडा. फाइलचा आकार पूर्ण दिसतो आणि मधला तुकडा रिकामा निघतो, असं होतं. फोटो पूर्ण खालपर्यंत बघा, आवाजाची फाइल सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी ऐका.