सौना आणि बर्फाच्या पाण्यात डुबकी, कोल्हापूरकरांनी नेमकं कसं करायचं

पुतणी नोकरीला फिनलंडात टाम्पेरेला हाय, तिच्याकडं हिवाळ्यात पंधरा दिवस जाऊन आलो तेव्हापासनं गल्लीतली पोरं एकच विचारतात, खरंच बर्फात उतरलासा काय. उतरलो, चारदा उतरलो, पण पहिल्यांदा जे केलं ते सगळं चुकीचं केलं, म्हणून हे लिहायलोय.

सौना म्हणजे घाम काढायची लाकडी गरम खोली, तिथं ती हॉटेलातली चैन नव्हं. ५५ लाख लोकांच्या देशात ३० लाखांच्या वर सौना हायत, बिल्डिंगच्या तळघरात पण असतो. २०२० साली युनेस्कोनं ही पद्धत वारसा म्हणून यादीत घेतली. टाम्पेरेतला राजापोर्ती हा तिथला चालू असलेला सगळ्यात जुना सार्वजनिक सौना, १९०६ चा, म्हणजे आपल्याकडं शाहू महाराज गादीवर होते तेव्हाचा, आणि अजून लाकडावर तापवतात. पण त्याला तळं न्हाई, अंगणात बसून गार व्हायचं. तळ्यात उतरायचं असंल तर टाम्पेरेतच राऊहानिएमीच्या सौनाला जावा. हेलसिंकीत लोयलू नावाचा समुद्रकाठचा सौना हाय, २०१६ चा, ऑनलाइन बुकिंग करून जायचं.

आता कपड्यांचा प्रश्न, कारण सगळे पहिला हाच विचारतात. बायका-पुरुष वेगळे असतील तर आत काहीच घालत न्हाईत, आणि कोण कुणाकडं बघत पण न्हाई. तालमीत आंघोळ केलेल्यांना याचं काही वाटायचं कारण न्हाई, पहिली दोन मिनिटं लाजल्यासारखं होतं मग विसरायला होतं. राऊहानिएमी, लोयलू असल्या एकत्र ठिकाणी मात्र स्विमसूट लागतो, ढगळी कॉटनची बर्मुडा चालत न्हाई.

जायच्या आधी पोटभर तांबडा-पांढरा हाणून जाऊ नका, तसंच उपाशी पण नको. पाणी भरपूर प्या. अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवा, अंगठी, चेन, मंगळसूत्र, चष्मा. माझं चांदीचं कडं निघत न्हाई म्हणून तसंच गेलो, पाच मिनिटांत मनगटाला असा चटका बसला की बोंब मारायची बाकी राहिली होती. तेल लावून जायचं न्हाई, ही अभ्यंगस्नानाची जागा न्हवं. आधी साबणानं शॉवर घ्यायचा, अंग पुसायचं आणि छोटा टॉवेल खाली टाकून त्याच्यावर बसायचं, लाकडावर उघडं बसत न्हाईत.

आत ८० ते १०० डिग्री असतं. ऐकून पोटात गोळा येतो, कारण आपल्या बंबातलं पाणी त्याच्या निम्म्यावर असलं तरी अंगावर घेववत न्हाई. पण हवा कोरडी असते, घाम उडत राहतो आणि लाकूड चटका देत न्हाई, म्हणून सोसतं. वरची फळी सगळ्यात गरम, तुम्ही खालच्या फळीवर बसा. आतल्या शेगडीच्या तापलेल्या दगडांवर पाणी मारलं की जी वाफ उठते तिला पण लोयलूच म्हणतात, आणि ती अंगावर आली की तापमापक काय दाखवतोय त्याला अर्थ राहत न्हाई, कारण ती वाफ कातडीवर येऊन पाणी होते आणि सगळी उष्णता तिथंच सोडते. कान तर अक्षरशः पेटतात, म्हणून काही लोक लोकरीची टोपी घालतात. पाणी मारायच्या आधी बाकीच्यांना विचारायचं असतं. मी न विचारता ओगराळ्यानं वाढल्यासारखं तीनदा ओतलं, वरच्या फळीवरचे दोन आजोबा काही न बोलता उठून बाहेर गेले.

आठ-दहा मिनिटं बास. डोकं जड झालं, छातीत धडधडायला लागलं की लगेच बाहेर या, पण सावकाश उठा. आपल्यात ईर्षा लई, शेजारचा बसलाय तर मी का उठू, पण तिथं खरंच कोण जास्त वेळ बसतंय याची जागतिक स्पर्धा व्हायची, हाइनोला गावात, ११० डिग्रीला, आणि २०१० च्या फायनलमध्ये एक स्पर्धक मेला. तेव्हापासनं स्पर्धाच बंद झाली.

आता पाणी. सौनातनं निघाल्यावर आधी मिनिटभर नुसतं बाहेर उभं राहायचं. वाटेवर बर्फ असतो, पाय घसरतो, त्यामुळं रबरी चप्पल पाहिजे, कोल्हापुरी नेऊ नका, भिजून वाट लागंल. रबरासारख्या कापडाचे मोजे मिळतात ते घातले तर उत्तम, बोटंच आधी बधिर होतात. तळ्यावरचा बर्फ कापून उतरायला भोक केलेलं असतं, त्यात पाणी शून्याच्या जरा वर असतं. उडी अजिबात न्हाई, रंकाळ्यात मारल्यासारखी तर न्हाईच. शिडीला धरून एकेक पायरी उतरायचं, डोकं बुडवायचं न्हाई. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात श्वास आपोआप वर ओढला जातो, हीच खरी धोक्याची वेळ, तोंड पाण्याखाली असंल तर पाणी आत जाणार. म्हणून लांब श्वास सोडत उतरा, मोठ्यानं आकडे मोजा, पुतणीनं मला मराठीत वीसपर्यंत मोजायला लावलं. वीस झाले की बाहेर. एकट्यानं उतरू नका, पिऊन तर न्हाईच न्हाई, तिथं बिअर मिळते पण ती सगळं झाल्यावर. बीपी, हृदयाचा त्रास असंल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नका.

बाहेर आल्यावर अंगातनं वाफा निघतात आणि उणे दहात उघडं उभं राहून पण थंडी वाजत न्हाई, हे सांगून पटत न्हाई. पाच-दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग परत आत. दोन-तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या.

जायच्या आधी सवय करायची असंल तर डिसेंबरात सकाळी गरम आंघोळीच्या शेवटी नळाचं गार पाणी घ्या, आधी पायावर मग हळूहळू वर, अर्धा मिनिट. थंडी तेवढी नसली तरी श्वास सोडायची प्रॅक्टिस होते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळची ट्रेन असंल तर दोन अलार्म लावा. त्या रात्री झोप अशी लागते की माझी हेलसिंकीची गाडी चुकली.