पावसाळ्यात खिडक्या केव्हा उघडायच्या?

साताऱ्यात जुलैमध्ये भिंतीला बुरशी आली की लोक दिवसभर खिडक्या सताड उघडतात, आणि ओल वाढते. मोबाईलवरची आर्द्रतेची टक्केवारी इथे फसवते. बघायचा तो दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. बहुतेक हवामान अ‍ॅपमध्ये तो असतो. पहाटे बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के असेल, तरी ती हवा घरात येऊन २७ अंशांवर गेली की आर्द्रता सत्तरच्या आसपास उतरते. उलट दुपारी उघडीप पडून २८ अंश, ८० टक्के झाले की दवबिंदू २४ च्या वर जातो. तेव्हा गार फरशीला आणि उत्तरेच्या भिंतीला घाम फुटणारच.

म्हणून बाहेरचा दवबिंदू घरातल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच उघडा. घरातला काढायला तापमानही दाखवणारा साधा डिजिटल आर्द्रतामापक पुरतो, त्या दोन आकड्यांवरून दवबिंदू निघतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा-पंधरा मिनिटं पूर्ण उघडायच्या. एकच फट दिवसभर ठेवून फारसं साधत नाही. पाऊस पश्चिमेकडून झोडपत असेल तर ती बाजू थोडीच उघडा, पूर्वेची पूर्ण.

स्वयंपाक आणि अंघोळीची वाफ मात्र कधीही, लगेच बाहेर काढा. कपडे आत वाळवायचेच असतील तर एकाच खोलीत, दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, नाहीतर मागची बुरशी दिवाळीच्या साफसफाईतच दिसते.

कोकणात दवबिंदू रात्रीही फारसा उतरत नाही, तिथे हा हिशेब कमी चालतो.