धानात दूध भरण्याआधी झटका मशीनच्या तारेखालचे गवत कापा

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यातील हलके धान आता निसवू लागले, म्हणजे लोंब्या बाहेर टाकू लागले असून लोंबीत दूध भरताच रानडुकरांचे कळप रात्री बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत) उतरतील. ताडोबा, घोडाझरी आणि उमरेड-कऱ्हांडला या संरक्षित जंगलांना जोडणारे जंगल शेती, रस्ते, वाढत्या वस्त्या आणि गोसीखुर्दचा कालवा यांनी ठिकठिकाणी तोडले आहे. त्यामुळे डुक्कर धानात येते आणि त्याच्या मागावर वाघही धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत येतो.

झटका मशीनचे, म्हणजे तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारे कुंपण असूनही पीक गेलेल्या शेतांत एकच हयगय वारंवार दिसते, ती तारेखालच्या गवताची. ओले गवत खालच्या तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो. मशीनची टिकटिक चालूच असते, दिवाही लुकलुकतो, शेतकरी निर्धास्त झोपतो आणि टोकाच्या तारेत डुकराला थोपवण्याइतका जोर उरलेला नसतो. तारेत किमान पाच हजार व्होल्ट हवेत. ते मशीनजवळ नव्हे, तर सर्वांत दूरच्या कोपऱ्यावर मोजावेत. डुकराच्या नाकाला झटका बसावा म्हणून खालची तार जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर ठेवावी लागते आणि नेमकी तीच आधी गवतात बुडते. पाऊस आहे तोवर दर आठवड्याला विळ्याने दोन हात रुंद पट्टा साफ करावा. आमच्या पाहण्यात डुक्कर बहुधा नाल्याकडच्या कोपऱ्यातून घुसते, म्हणून कापणी तिथूनच सुरू करावी.

दुकानदार या दिवसांत जास्त ताकदीचे मशीन, तणनाशक आणि उग्र वासाच्या गोळ्या गळ्यात मारतात. गवत टेकलेले असेल तर महागड्या मशीनचाही झटका जमिनीतच जातो, आणि धुऱ्यावर फवारलेले तणनाशक पावसाने बांधीत उतरते. तो पैसा विळा चालवणाऱ्याच्या मजुरीला द्यावा.

इतर कामे:
- सौर पॅनेल पुसणे
- बॅटरीची टोके घासणे, पाणी पाहणे
- तुटके इन्सुलेटर बदलणे
- अर्थिंगच्या सळ्यांची जोडणी आवळणे

कुंपण चालत नाही म्हणून तारेत घरची वीज कोणीही सोडू नये. झटका मशीन क्षणभर झटका देऊन सोडते, 230 व्होल्टची वीज धरून ठेवते. एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात ‘जय’ वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच तारेने मेला, आणि रात्री पाणी पाहायला गेलेली माणसेही अशा तारेला लागून दगावली आहेत.

नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्यावा, आणि पंचनामा होईपर्यंत लोळवलेले धान कापू नये.