बोनफिश हातचा का जातो? फ्लॅटवर या चुका टाळा

फ्लोरिडा कीज किंवा बहामाच्या उथळ, पांढऱ्या वाळूच्या पाण्यात (तिकडे त्याला फ्लॅट म्हणतात) फ्लाय फिशिंगला (पिसं-दोऱ्याच्या नकली आमिषाने, म्हणजे फ्लायने, मासे धरायला) जाणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो. बोनफिश हा तिथला चपळ, चंदेरी मासा हुकतो तो बहुतेक वेळा सामानामुळे नाही, हाताच्या सवयीमुळे.

सगळ्यात महाग सवय म्हणजे झटका. कोकणात खाडीवर गरवताना मासा ओढायला लागला की काठी वर उचलून हिसका द्यायचा, हे अंगात मुरलेलं असतं. इथे तसं केलंत की गरी माशाच्या तोंडासमोरून उडून जाते. हा मासा तळाच्या वाळूत तोंड खुपसून खेकडे, कोलंबी, शिंपले शोधतो आणि घशातल्या चपट्या, टणक दातांनी त्यांचा चुरा करतो. तो फ्लायवर वाकला की रॉडचं टोक पाण्याकडेच राहू द्या आणि दुसऱ्या हाताने लाइन एकदा लांब आणि ठाम ओढा. वजन लागलं की मगच रॉड उचला. मासा लागला नाही तरी फ्लाय तळाशीच राहते आणि तोच मासा पुन्हा वळून ती उचलू शकतो.

लागल्यावर नजर माशाकडे जाते, तिथे दुसरी चूक होते. बघायचं ते पायाशी पडलेल्या लाइनकडे. बोनफिश पहिल्याच धावेत लाइन सपाट्याने नेतो. मोठा असेल तर शंभर मीटरही नेतो. शर्टाचं बटण, रीलची मूठ, बुटाची नाडी यांपैकी कशातही वेटोळं अडकलं की लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा) तुटलाच. सगळी सुटी लाइन संपून ताण रीलवर येईपर्यंत ती अंगठा आणि बोटाच्या कड्यातून जाऊ द्या. या धावेत रील घट्ट करू नका.

‘मासे दिसतच नाहीत’ ही तक्रार नेहमीची. आरशासारख्या खवल्यांमुळे त्याच्या अंगावर तळाचाच रंग उतरतो, म्हणून मासा शोधू नका. सरकणारी सावली, पाण्याबाहेर आलेलं शेपटीचं टोक, गढूळ झालेला पट्टा शोधा. पोलराइज्ड चष्म्याशिवाय जाऊ नका. गाइड ‘११ वाजता, ४० फूट’ म्हणतो तेव्हा होडीचं नाक म्हणजे १२. आधी रॉडने दिशा दाखवा, त्याने होकार दिला की मग फेका. हवेत लाइन चार-चार वेळा फिरवलीत तर तिच्या सावलीनेच कळप उधळेल. आणि पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट दडलेली असते.

नावाचा घोळही निस्तरून घ्या. मुंबई-गोव्याच्या हॉटेलात लेडीफिश म्हणजे आपली मुडदुशी. फ्लोरिडात लेडीफिश म्हटलं की टार्पनचा भाऊबंद असलेला वेगळाच मासा. क्यूबात बोनफिशला मकाबी म्हणतात, हवाईत ओइओ. पूर्वी जगभरचे बोनफिश अल्बुला व्हल्पेस या एकाच जातीचे धरत. जनुकीय अभ्यासानंतर हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतल्या जाती वेगळ्या निघाल्या.

आता ज्या चुकीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ती. फ्लोरिडात 2013 पासून बोनफिश पकडून सोडून देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण पोहत गेलेला प्रत्येक मासा वाचतोच असं नाही. दमलेला, तोल गेलेला मासा लेमन शार्क किंवा बाराकुडाच्या तोंडी आयता पडतो. म्हणून गरीच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. फार हलक्या सामानावर झुंज लांबवू नका. हात ओले करून धरा. कोरड्या हाताने आणि सनस्क्रीनने अंगावरचा बुळबुळीत थर जातो. फोटोसाठी कॅमेरा तयार ठेवून मगच मासा उचला आणि दहा सेकंदांच्या आत परत पाण्यात घाला. कुशीवर कलंडत असेल तर सोडू नका. तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात ठेवून धरा. स्वतःच्या जोराने सुटेल तेव्हाच जाऊ द्या. आसपास शार्क घिरट्या घालत असेल तर तिथे दुसरा मासा लावूच नका, फ्लॅट बदला.