फिरतीची नोकरी आणि घर: या चुका टाळा

कोल्हापूर हेडक्वार्टरला अठरा वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून काढली, आता टीम बघतो. महिन्यातल्या दहा-बारा रात्री रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीच्या लॉजवर जायच्या. नवीन पोरं सहा महिन्यांतच "घरचे समजून घेत नाहीत" म्हणायला लागतात. खोदून विचारलं की त्याच त्या चुका निघतात.

निघायच्या आधीच पोचायची वेळ सांगणं

"निघालोच, सातला घरी." आमच्या लाइनमध्ये या वाक्यानं जेवढी माणसं दुखावली असतील तेवढी रात्रीच्या मुक्कामानं नाही.

आषाढातला बेंदूर होता. मुलगी पाच वर्षांची. कुंभाराकडून आणलेली मातीची बैलजोडी पाटावर मांडून बसली होती. बाबा आल्याशिवाय पूजा नाही म्हणाली. मी चारला बायकोला फोनवर सांगितलं, "साखरप्यात आलोय." प्रत्यक्षात अजून मागेच, पालीत एका दवाखान्याबाहेर उभा होतो. टार्गेटला थोडं कमी पडत होतं, म्हटलं एक कॉल, म्हणजे डॉक्टरची भेट, उरकून घेऊ. डॉक्टर तासाभरानं भेटले. पुढे आंबा घाटात ट्रक आडवा झालेला, धो धो पाऊस, फोनला रेंज नाही. घरी पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. पोरगी पाटाशेजारीच झोपली होती. एक बैल मुठीत, त्याचं शिंग मोडलेलं. नैवेद्याची पोळी वाळून गेली होती. बायको एवढंच म्हणाली, "खरं सांगितलं असतंत तर तिला समजावलं असतं."

तेव्हापासून मलकापूर मागे पडल्याशिवाय मी घरी वेळ सांगत नाही. तिथून पुढे घाट नाही. कोणी विचारलंच तर "रात्री उशीर होईल, जेवून घ्या" म्हणतो. लवकर पोचलो तर कोणाचं काही बिघडत नाही.

आधी टूर प्रोग्रॅम भरणं, मग घरी सांगणं

पुढच्या महिन्याचा प्रोग्रॅम, म्हणजे कुठल्या दिवशी कुठल्या गावी, पोरं दहा मिनिटांत मागचा कॉपी करून भरतात. हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही. मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून बायकोसमोर बसतो. पालकसभा, आईची शुगरची तपासणी, लसीची तारीख आधी लाल पेनानं लिहितो, उरलेल्या दिवसांत आउटस्टेशन बसवतो.

लसीचंच घ्या. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत कधीही देता येतो, म्हणजे दिवस आपल्याला निवडता येतो. पण त्या रात्री बाळाला ताप येऊ शकतो, पाय दुखतो. ज्या आठवड्यात आपण कणकवलीला, त्याच आठवड्यात लस ठेवली की ती रात्र बायकोनं एकटीनं काढायची. दिवसभर डॉक्टरांशी औषधांवर बोलणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याचा मला खरंच राग येतो. आमच्याकडे लस शनिवारी सकाळी असायची, मी घरी असताना.

आल्या आल्या तपासणी सुरू करणं

चार दिवस घर बायकोनं चालवलेलं असतं. आपण दारात चप्पल काढतो आणि विचारतो, "गृहपाठ झाला का? टीव्ही कोणी लावला?" मॅनेजर जॉइंट वर्किंगला, म्हणजे दिवसभर आपल्यासोबत फिरून काम बघायला आला की आपल्याला कसं वाटतं ते आठवा.

पहिल्या संध्याकाळी मी काहीच विचारत नाही. गवारीच्या शेंगा मोडायला बसतो. अर्ध्या तासात पोरगी आपणहून शेजारी येते. बाईंनी बाक बदलला, मैत्रीण बोलत नाही, दात हलतोय, सगळं सांगते. बायकोनं चार दिवसांसाठी लावलेला नियम मला पटला नाही तरी पोरांसमोर मोडत नाही.

बाकीच्या

दर टूरला खेळणं नेऊ नका. नाहीतर पोरं आधी बॅगेकडे धावतात.

व्हिडिओ कॉल पोरांच्या जेवणाच्या वेळी करू नका. घास तोंडात राहतो आणि पुढचा तासभर बायकोला निस्तरावं लागतं.

गॅसचा नंबर, विम्याचे कागद, मुलांच्या डॉक्टरांचा नंबर फक्त आपल्या मोबाइलमध्ये ठेवू नका. आमच्याकडे फ्रिजवर कागद चिकटवलेला आहे.

क्लोजिंगच्या, म्हणजे महिनाअखेरीला विक्रीचं टार्गेट पूर्ण करायच्या आठवड्यात घरच्यांना कुठलाच शब्द देऊ नका.

आणि लॉजवरचे मळके कपडे हॉलमध्ये तसेच टाकून झोपू नका. मशीन लावायला दहा मिनिटं लागतात, ती आपणच लावायची.