नव्या पदपथांची यादी करताना या चुका टाळा

पदपथ फसतात ते बहुतेकदा यादी करतानाच. कोणत्या रस्त्याला आधी हात घालायचा हे चुकलं, की पुढे काम कितीही नेटकं झालं तरी लोक रस्त्यावरूनच चालत राहतात. म्हणून इथे बांधकामापेक्षा त्याआधीच्या चुकांवर जास्त भर दिला आहे.

तक्रारींच्या संख्येवरून क्रम लावणे

तक्रार तोच करतो ज्याला अर्ज कुठे द्यायचा हे ठाऊक असतं आणि पाठपुराव्याला वेळ असतो. दिवसभर कामावर असणारे, भाड्याने राहणारे, शाळकरी मुलं, काठी टेकत चालणारे हे लोक तक्रारींच्या नोंदीत सापडत नाहीत. पदपथ नसल्याचा त्रास मात्र त्यांनाच सर्वात जास्त होतो. तक्रार आली की त्या रस्त्याची पाहणी करावी, इतर रस्त्यांच्याच निकषांवर त्याला गुण द्यावेत आणि तो यादीत कितव्या क्रमांकावर आला हे अर्जदाराला कळवावं. तक्रारींना वेगळे गुण द्यायचेच असतील तर शंभरातले पाच पुरेत.

आज चालणारी माणसं मोजून थांबणे

जिथे चालायला जागाच नाही तिथे माणसं मोजली तर आकडा कमीच येणार. त्यावरून ‘इथे मागणी नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पूल नसलेल्या नदीवर पोहणारे मोजून पुलाची गरज ठरवणं.

मोजायचं ते वेगळं. शाळा, बसथांबा, दवाखाना, बाजार, बाग अशा प्रत्येक ठिकाणापासून प्रत्यक्ष रस्त्याने ४०० मीटर (सुमारे पाच मिनिटांची चाल) आणि ८०० मीटर अंतर मोजा. नकाशावर वर्तुळ काढून भागत नाही. मध्ये नाला, रेल्वेमार्ग किंवा लांबलचक भिंत असेल तर वर्तुळातलं घर चालायला दुप्पट लांब पडतं. शिवाय जागेवर जाऊन पायवाटा बघा. रस्त्याच्या कडेला गवत तुडवून मातीची पट्टी पडली असेल, तर तिथे माणसं रोज चालतात याचा तोच पुरावा.

गुणांचा तक्ता डोळे झाकून वापरणे

गुण देण्याची पद्धत चांगलीच, पण तिच्यात तीन खाचखळगे नेहमी आढळतात.

पहिला, एकाच गोष्टीला दोनदा गुण. शाळा, बसथांबा आणि दाट वस्ती बहुधा एकत्रच असतात. तिन्हींना भरघोस गुण ठेवले की शहराचा मध्य वर जातो आणि कडेच्या वस्त्या कायम तळाशी राहतात. ‘जवळची ठिकाणं’ असा एकच गट करून त्याला कमाल मर्यादा घाला.

दुसरा, लांबीचा घोळ. समजा १,२०० मीटरच्या रस्त्यावर पाच वर्षांत पादचाऱ्यांचे ६ अपघात झाले आणि ३०० मीटरच्या रस्त्यावर ३. नुसती संख्या बघितली तर लांब रस्ता पुढे जातो. किलोमीटरमागे पाहिलं तर पहिल्यावर ५ आणि दुसऱ्यावर १०. आखूड तुकड्यावर एखाद्या अपघातानेही हा आकडा उसळतो, म्हणून निदान तीन ते पाच वर्षांची नोंद घ्या आणि वाहनांचा वेग, रस्त्याची रुंदी, दिव्यांची सोय हे धोकेही सोबत धरा. जिथे माणसं भीतीने चालतच नाहीत तिथे अपघातही नोंदले जात नाहीत.

तिसरा खळगा सर्वात घातक: निकाल बघून भार बदलणे. कोणत्या निकषाला किती भार द्यायचा हे रस्त्यांची नावं समोर येण्याआधी ठरवा आणि जाहीर करा. मग प्रत्येक भार २० टक्क्यांनी वर-खाली करून यादी पुन्हा लावून पाहा. जे रस्ते प्रत्येक वेळी वरच राहतात ते निर्धास्त हाती घ्या. जे आत-बाहेर होतात त्यांचा निर्णय जागेवर जाऊन करा, दशांशातल्या फरकावर नको.

खर्च गुणांत मिसळू नये. आधी गरज, मग खर्च, अशा दोन वेगळ्या रकान्यांत तो ठेवला की कोणता रस्ता गरज असूनही केवळ महाग म्हणून मागे पडला हे स्पष्ट दिसतं.

तुकड्या-तुकड्यांत मंजुरी

गुण तुकड्याला मिळतात, माणूस मात्र घरापासून शाळेपर्यंत सलग चालतो. ५०० मीटर पदपथ झाला आणि मोरीवरचे (नाल्यावरच्या छोट्या पुलावरचे) ४० मीटर अवघड म्हणून सोडले, तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तिथे भर रहदारीत उतरावं लागतं. बाबागाडीचंही तेच. यादी पक्की करण्याआधी आजूबाजूचे तुकडे जोडून पूर्ण मार्ग तयार करा आणि तो एकाच कामात घ्या. दोन चांगल्या पदपथांमधली छोटी फट भरणं हे बहुतेकदा त्या भागातलं सर्वात उपयोगी काम ठरतं.

ओलांडण्याची जागाही याच कामात धरा. पदपथ एका बाजूला आणि बसथांबा दुसऱ्या बाजूला असेल तर सुरक्षित क्रॉसिंगशिवाय काम अर्धवटच. संथ रहदारीच्या छोट्या गल्लीत एका बाजूचा पदपथ चालून जातो. रुंद, वेगवान रस्त्यावर दोन्ही बाजू लागतात.

एकूण रुंदीलाच चालण्याची रुंदी समजणे

कागदावर २.४ मीटर. त्यातून कडेचा दगड ०.१५, खांब आणि झाडांची पट्टी ०.९, भिंतीला खेटून चालता येत नाही म्हणून ०.३ वजा करा. उरतात १.०५ मीटर. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सोयींच्या मार्गदर्शिकेत मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि मोकळी उंची २.२ मीटर सांगितली आहे. अमेरिकेच्या २०२३ च्या सुगम्यता नियमांत (अपंगांना रस्ते वापरता यावेत यासाठीच्या) किमान रुंदी सुमारे १.२ मीटर आहे, पण १.५ मीटरपेक्षा अरुंद पदपथावर दर ६० मीटरच्या आत एकमेकांना ओलांडण्यापुरती रुंद जागा ठेवावी लागते. पाहणीच्या तक्त्यात ‘पदपथ आहे / नाही’ इतकंच न लिहिता सर्वात अरुंद ठिकाणची मोकळी रुंदी आणि अडथळा कशाचा, हे दोन रकाने ठेवलेच पाहिजेत.

फाटकांपाशी चढ-उतार

हा दोष सर्रास दिसतो. १५० मिलिमीटर उंच पदपथ प्रत्येक फाटकापाशी रस्त्याच्या पातळीला आणला, तर १:१२ उताराला (उंचीच्या बारा पट लांबी) एका बाजूला १.८ मीटर लागतात. दोन्ही बाजू मिळून ३.६ आणि फाटकाचे ३.५, म्हणजे ७.१ मीटर. फाटकं दर १५ मीटरवर असतील तर जवळपास निम्मा पदपथ चढण्या-उतरण्यातच जातो. उपाय असा की चालण्याची पट्टी सपाट सलग न्यायची आणि वाहनासाठीचा उतार बाहेरच्या, खांबांच्या पट्टीत द्यायचा. पदपथाची उंची १०० मिलिमीटर ठेवली तर हे आणखी सोपं जातं. आराखड्याआधी दर १० मीटरवर आणि प्रत्येक उंबऱ्याची पातळी घ्या, नाहीतर पहिल्या पावसात पाणी लोकांच्या अंगणात शिरतं.

आडवा उतार न तपासणे

पाणी वाहून जाण्यासाठी रस्त्याकडे २ टक्के उतार पुरतो, म्हणजे १.८ मीटर रुंदीत ३६ मिलिमीटर. त्याहून जास्त झाला की चाकाची खुर्ची सतत रस्त्याकडे ओढली जाते. तपासणी सोपी आहे. एक मीटर लांब सपाट पट्टी आडवी ठेवा, रस्त्याकडच्या टोकाखाली २० मिलिमीटरचा ठोकळा सरकवा आणि वर पाणसळ (पातळी बघायची बुडबुड्याची नळी) ठेवा. बुडबुडा मध्ये आला तर उतार बरोबर. भिंतीकडे गेला तर उतार जास्त आहे. रस्त्याकडे गेला तर कमी आहे आणि तिथे पाणी साचू शकतं. हे काँक्रीट ओलं असतानाच बघायचं.

अंदाजपत्रक आणि खोदाईचा क्रम

नुसता ‘मीटरमागे दर’ लावून केलेलं अंदाजपत्रक खांब, चेंबर, झाडांची मुळं किंवा गटार आलं की कोलमडतं. निवडलेल्या मार्गावरून एकदा चालत जाऊन हे अडथळे मोजा आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा धरा. खांब हलवायला दुसऱ्या खात्याची परवानगी लागते, तो वेळ वेळापत्रकात दाखवा. पाणी, मलनिःसारण आणि केबलवाल्या खात्यांना पुढच्या दोन-तीन वर्षांतली खोदाई लेखी विचारा. ज्यांचं काम येणार आहे त्यांचं आधी उरकून घ्या, आणि पुढे केबल टाकायला म्हणून रस्ता ओलांडणारे रिकामे पाइप आत्ताच पुरून त्यांच्या जागा नकाशावर नोंदवा.